फोटो काढू नका, काकू!

प्रिय वरच्या मजल्यावरच्या मुली,

तुझं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत कौतुक झालं की तू कशी अवघडतेस ते मी पाहिलंय. तू घर सोडून गेलीस त्या सकाळी आपण जिन्यात भेटलो, तुझ्या दोन्ही हातांत खोकी होती आणि मी फक्त "जपून जा गं" एवढंच म्हणाले. खरं म्हणायचं होतं ते तसंच राहिलं. ते आता उघडपणे लिहितेय, कारण त्या दोन दिवसांत तू मला जे दाखवलंस ते आणखी कुणाच्या तरी ऐन वेळी उपयोगी पडावं असं मला मनापासून वाटतं.

बाबा गेल्यावर चार महिन्यांनी मी त्यांचा कॅमेरा कपाटातून काढला. शेवटच्या वर्षभरात मी त्यांचे फोटो काढत होते, छोटे व्हिडिओही. बाबांना घड्याळं दुरुस्त करायचा नाद. डोळ्याला भिंग लावून ते बारीक चाकं चिमट्याने उचलायचे, आणि काय करताहेत ते मोठ्याने सांगत राहायचे. ते सगळं त्या ३२ जीबीच्या एका कार्डावर होतं, आणि फक्त तिथेच होतं. नंतर संगणकावर घेऊ, असं वर्षभर म्हणत राहिले.

कार्ड संगणकाला लावलं तर पडद्यावर चौकट आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. मी बटण दाबलं. दुसरी चौकट आली, तिच्यात सगळा मजकूर पुसला जाईल असा इशाराही होता. तो मी वाचला. पण "करावी लागेल" हे शब्द डोक्यात इतके पक्के बसले होते, की दुसरा मार्गच नाही असं वाटलं. क्षणभरात कार्ड उघडलं. रिकामं.

"फॉरमॅट करावी लागेल" या वाक्यावर माझा आजही राग आहे. संगणकाला खरं म्हणजे एवढंच कळलं होतं की कार्डावरची मांडणी आपल्याला वाचता येत नाहीये. "मला हे कार्ड वाचता येत नाही" असं त्याने सांगितलं असतं, तर मी थांबले असते, कुणाला तरी विचारलं असतं. स्वतःची अडचण त्याने मला आज्ञा म्हणून सांगितली. सोळा-सतरा वर्षं मुलांना भाषा शिकवलेल्या बाईला हे विसरणं कठीण आहे.

एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने पुरतं ऐकूनही न घेता सांगितलं, फॉरमॅट झालं म्हणजे गेलं, नवीन कार्ड घ्या. मग वाटलं, निदान कार्ड तरी चांगलं आहे का पाहावं. ते कॅमेऱ्यात घातलं, खिडकीकडे रोखलं, बोट बटणावर ठेवलं, आणि तेवढ्यात दार उघडं पाहून तू आत डोकावलीस. माझा चेहरा पाहून विचारलंस काय झालं, मी दोन वाक्यांत सांगितलं, आणि तू अक्षरशः ओरडलीस, "फोटो काढू नका, काकू!"

त्या ओरडण्याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत.

तू कार्ड बाहेर काढलंस. त्याच्या डाव्या कडेचा बारीकसा खटका नखाने खाली सरकवलास आणि म्हणालीस, आता यावर कुणी काही लिहायचं नाही. त्या खटक्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. तूच पुढे सांगितलंस की हे काही खरं कुलूप नाही, कार्ड वाचणाऱ्या यंत्राला केलेली ती खूण आहे आणि यंत्राने ती पाळायची असते.

मग तू बसलीस आणि विचारलंस, नेमकं काय काय दाबलंत? मी म्हणाले, आपोआप झालं. तू गप्प राहिलीस. रागावली नाहीस, हसलीही नाहीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "काकू, मी दोष द्यायला विचारत नाहीये. कुठलं फॉरमॅट झालं त्यावर पुढचं सगळं ठरणार आहे." तेव्हा मी सगळं क्रमाने सांगितलं. चौकटीत "क्विक" या शब्दापुढे बरोबरची खूण होती का, असं तू विचारलंस. होती. मी तिला हात लावला नव्हता. तुझे खांदे सैल झालेले मला दिसले.

का ते तू मला माझ्याच भाषेत समजावलंस. म्हणालीस, "हजेरीपटावरून नावं खोडली म्हणून मुलं बाकांवरून उठून जातात का?" कार्डावर एका भागात नोंदी असतात: कुठली फाईल, केवढी, कुठल्या कप्प्यात सुरू होते. क्विक फॉरमॅट ही नोंदवही कोरी करतं, फोटो जिथल्या तिथे राहतात. पण वही कोरी असल्यामुळे कॅमेऱ्याला सगळे बाक रिकामे वाटतात, आणि नवा फोटो काढला की तो बिनदिक्कत कुणाच्या तरी जागेवर बसतो. ज्याच्या जागेवर बसला तो मात्र कायमचा गेला. मी घेणार होते तो खिडकीचा फोटो बाबांच्या कुठल्या फोटोवर बसला असता, कोण जाणे. आणि ती "क्विक"ची खूण मी काढली असती तर, तू सांगितलंस, बऱ्याच संगणकांवर पूर्ण फॉरमॅट करताना प्रत्येक कप्प्यात शून्य लिहिलं जातं. मग शोधायला काही उरतच नाही.

इतकं साधं कारण होतं, आणि इतक्या वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

तू लगेच शोधायला लागशील असं मला वाटलं होतं. तू आधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढायला लावलीस: फाईलींची नाही, सगळ्या कार्डाची, पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत, रिकामे वाटणारे भागही धरून. तिला इमेज म्हणतात. आधीच कुरकुरणारं कार्ड पुन्हा पुन्हा वाचत बसलं तर पूर्णच बंद पडू शकतं, म्हणून एकदाच वाचायचं आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे. अर्धा तास आपण दोघी नक्कल किती झाली ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या पट्टीकडे पाहत बसलो होतो. नक्कल झाली, कार्ड काढून तू पाकिटात ठेवलंस आणि माझ्या हातात दिलंस. त्यानंतर त्याला हात लावावाच लागला नाही.

मग फोटोरेक. पुसलेल्या फाईली शोधून काढणारं, क्रिस्तोफ ग्रनिये यांनी लिहिलेलं, फुकट मिळणारं, ज्याचा कोडही कुणालाही पाहता येतो असं ते सॉफ्टवेअर. उघडल्यावर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, मला तर भीतीच वाटली. पण माउस आणि कीबोर्ड तू माझ्याकडेच ठेवलास. "तुम्ही दाबा, मी शेजारी आहे." आजवर मला मदत करणाऱ्या प्रत्येकाने यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं होतं. भराभर काहीतरी करून परत दिलं होतं, आणि काय केलं हे विचारलं की "झालं ना आता?" असं म्हटलं होतं. त्यांचाही हेतू चांगलाच होता. पण तुझ्यासारखं शेजारी बसणं मला आधी कुणी दिलं नव्हतं.

फोटोरेक नोंदवही पाहतच नाही. तो एकेक कप्पा तपासत जातो आणि फाईलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. प्रत्येक जेपेग फोटो ठरलेल्या बाइट्सनीच सुरू होतो. नाव पुसलं गेलं तरी चेहरा ओळखता येतो तसं. कॅमेऱ्याच्या कार्डावर फोटो बहुतेक एकामागून एक सलग लिहिलेले असतात, म्हणून या पद्धतीला तिथे चांगलं यश येतं. मोठ्या व्हिडिओंचे तुकडे कधीकधी विखुरलेले असतात, ते जुळवणं अवघड. सुरू करण्याआधीच तू हे सांगितलंस आणि म्हणालीस, "सगळं मिळेल असं मी म्हणणार नाही." त्या वेळी हे ऐकून पोटात खड्डा पडला होता. पण तू खोटा धीर दिला नाहीस म्हणून तुझ्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला.

पडद्यावरचा आकडा वाढायला लागला. चाळीस. दोनशे दहा. तू माझा हात धरला होतास, की मी तुझा, ते आता आठवत नाही.

अकराशेच्या वर फोटो मिळाले. तीन फोल्डर भरले. नावं सगळी गेलेली, प्रत्येक फाईलीला "एफ" हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा. तो आकडाही उगीच नसतो, कार्डावर ती फाईल जिथे सापडली त्या जागेचा तो क्रमांक असतो. तारखा मात्र मिळाल्या, कारण फोटो कधी काढला ते कॅमेरा त्या फोटोच्या पोटातच लिहून ठेवतो. तू त्या तारखांनी फोटो ओळीने लावून दिलेस आणि बाबांचं वर्ष माझ्यासमोर क्रमाने उलगडलं. सात व्हिडिओंपैकी पाच पूर्ण मिळाले. एक उघडलाच नाही. एक मध्येच थांबतो.

दुसऱ्या दिवशी तू बॅकअपसाठी परत आलीस. खरं तर माझं काम झालं होतं, यायची गरज नव्हती. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम तू सांगितलास: ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली १ घराबाहेर. बाबांचं वर्ष आता संगणकावर आहे, वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे आणि एक प्रत इंटरनेटवर आहे. हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवते, कायम जोडलेली ठेवत नाही, कारण संगणकात काही घुसलं तर जोडलेल्या डिस्कलाही धोका असतो. ३१ मार्चला, २०११पासून जागतिक बॅकअप दिवस म्हणून पाळतात त्या तारखेला, माझ्या फोनवर आठवण वाजते. ती तूच लावून ठेवलीस. त्या दिवशी मी नुसती प्रत आहे का एवढं बघत नाही, त्यातले चार-पाच फोटो उघडून पाहते. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवायचा नाही, असं तू म्हणाली होतीस.

सिंक, म्हणजे फोनवर आणि इंटरनेटवर आपोआप एकसारखंच ठेवणं, हा बॅकअप नाही, हेही तुझ्याकडूनच कळलं. फोनवर पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. हे ऐकून मी त्याच संध्याकाळी माझ्या बहिणीला फोन केला, ती नेमकी फोनमधली जागा रिकामी करत बसली होती.

आणखी एक गोष्ट तू बजावून सांगितली होतीस, ती इथे वाचणाऱ्यांसाठी लिहिते. कार्डाचं जे झालं ते फोनच्या आतल्या मेमरीचं होईल असं धरून चालू नये. आजकालच्या फोनमध्ये सगळं कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असतं, आणि पुसलेल्या जागा फोन स्वतःच साफ करत राहतो. तिथे फोटोरेकसारख्यांचा फारसा उपयोग होत नाही. तिथे आधी कचरापेटी पाहायची. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर ६० दिवस तिथे राहतो, आयफोनच्या अलीकडे पुसलेल्या फोटोंत साधारण ३० दिवस. गेल्या महिन्यात माझ्या शेजारणीचा मुलगा रडवेला होऊन आला होता. मी त्याला आधी "थांब, काही करू नकोस" म्हटलं आणि मग "नेमकं काय काय दाबलंस?" असं विचारलं. तोही म्हणाला, आपोआप झालं. मी गप्प बसले. फोटो कचरापेटीत होते. फोन मी त्याच्या हातातून घेतला नाही.

तुझे आभार कुठल्या शब्दांत मानावेत याचा मी बराच विचार केला. तू माझा वेळ वाचवलास किंवा तुला संगणकातलं कळतं, एवढ्यावर मला हे संपवायचं नाही. बाबा पुन्हा एकदा जाणार होते आणि ते माझ्या हातून होणार होतं. तू ते थांबवलंस, आणि ते माझ्या हातून होत होतं हे मला एकदाही जाणवू दिलं नाहीस.

तो मध्येच थांबणारा व्हिडिओ मी सगळ्यात जास्त वेळा पाहते. भिंतीवरचं घड्याळ बाबांनी टेबलावर उघडलंय. लंबक लावता लावता ते वर न बघताच विचारतात, "चालू आहे ना गं तुझं?" मी "हो" म्हणते, आणि चित्र गोठतं. त्या फाईलीचं आकड्यांचं नाव मी बदललेलं नाही. जुनं कार्डही तू दिलेल्या पाकिटातच आहे, त्याचा खटका तू सरकवलास तसा अजून खालीच आहे.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू