प्रेक्षकाला वाट पाहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजच्या प्रेक्षकाला दम उरलेला नाही, म्हणून हॉलिवूडला दर दोन मिनिटांनी काहीतरी फोडावं लागतं, असा सूर असलेला लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मला तो मुळीच पटला नाही. जे हॉलिवूडपट आपण पुन्हा पुन्हा पाहतो, टीव्हीवर मधूनच लागले तरी बसून राहतो, त्यांतल्या बहुतेकांनी आपल्याला चांगलंच ताटकळत ठेवलेलं आहे. दम प्रेक्षकाला आहे. तो धरायला लावणारे दिग्दर्शक कमी झाले आहेत.

1975 सालचा ‘जॉज’ घ्या. यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्टीव्हन स्पीलबर्गला शार्कविनाच प्रसंग उभे करावे लागले, हे सिनेमावेड्यांना पाठ आहे. पण ते सांगताना बहुतेक जण ‘नशिबाने तारलं’ एवढ्यावर थांबतात. शार्क नाही, मग काय दाखवायचं, हे कुणीतरी ठरवलंच ना? त्यातला लाकडी धक्क्याचा प्रसंग आठवा. दोन माणसं साखळीला मांस अडकवून शार्कसाठी गळ टाकतात. शार्क ते ओढतो आणि धक्क्याचा तुकडा मोडून समुद्रात जातो, सोबत एक जण पाण्यात पडतो. तो किनाऱ्याकडे पोहायला लागतो आणि तिकडे आत गेलेला तो तुकडा सावकाश वळतो, त्याच्या दिशेने यायला लागतो. पडद्यावर फक्त फळ्या आहेत. शार्कचं शेपूटही दिसत नाही, तरी खुर्चीचे हात घट्ट धरले जातात. या सिनेमाच्या संकलक, म्हणजे चित्रित तुकडे जोडून प्रसंगाची लय ठरवणाऱ्या, व्हर्ना फील्ड्स यांना ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्य माणसाला मिळालं.

स्पीलबर्गचा तोच हात 1993 च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये आहे. दोन तासांहून मोठ्या या सिनेमात डायनासोर पडद्यावर असतात जेमतेम 15 मिनिटं. त्यांतला अजस्र, मांसाहारी टी-रेक्स येतो सुमारे तासाभराने, आणि तोही कसा? आधी पेल्यातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळं. मग गाडीच्या काचेच्या छतावर धपकन पडलेली बकरीची तंगडी. मग कुंपणाच्या तुटणाऱ्या तारा. त्या सबंध हल्ल्यात पार्श्वसंगीत नाही! जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असताना फक्त पाऊस, चिखल, पत्र्याचा चुरडण्याचा आवाज आणि ती डरकाळी. केवढा हा आत्मविश्वास. पुढे 2015 मध्ये ‘ज्युरासिक वर्ल्ड’ आला. लोकांना आता नुसत्या डायनासोरचं अप्रूप राहिलं नाही, म्हणून उद्यानवाले आणखी मोठा, आणखी दातेरी संकरित प्राणी तयार करतात, ही त्याची कथाच. म्हणजे रोग त्यांना नेमका कळला होता आणि उपाय म्हणून त्यांनी तोच रोग वाढवला. गल्ला भरला, हे मान्य. पण त्यातला एखादा प्रसंग त्या पाण्याच्या पेल्याइतका कुणाला आठवतो का?

‘टायटॅनिक’बद्दल मात्र मला जरा जास्त बोलू द्या, कारण त्याला नावं ठेवणं हे सुजाणपणाचं लक्षण समजलं जातं. संवाद बेतास बात आहेत, हे खरंच. 14 नामांकनं आणि 11 ऑस्कर मिळवणाऱ्या या सिनेमाला पटकथेसाठी नामांकनही नव्हतं. पण सव्वातीन तासांच्या सिनेमात हिमनग निम्मी वाट सरल्यावर आदळतो, हे धाडस कुणी लक्षात घेत नाही. तोवर जेम्स कॅमेरॉन आपल्याला जहाजभर फिरवतो. भव्य जिना, पहिल्या वर्गाचं जेवणघर, तळातला नाच, त्याच्याही खालची बॉयलरची भट्टी. हे सगळं ‘प्रेमकथेचं पाल्हाळ’ म्हणून हिणवलं जातं. त्याआधी, अगदी सुरुवातीलाच, नायिकेला, म्हाताऱ्या झालेल्या रोझला, संगणकावर दाखवलेलं असतं की पाणी कुठून शिरलं, मागचा भाग कसा वर उचलला गेला, जहाज कुठे मोडलं. त्यामुळे प्रत्यक्ष बुडताना कुणालाही थांबून काही समजावून सांगावं लागत नाही. पाणी कुठल्या मजल्यावर आलंय, तिथून वर जायला वाट कुठली, हे आपल्याला ठाऊक असतं. शेवट जगाला ठाऊक असलेल्या गोष्टीत जीव टांगणीला लागतो, तो या आधीच्या दीड तासामुळे. ते पाल्हाळ कापलं असतं तर उरली असती फक्त बुडणारी एक मोठी बोट.

वाट पाहायला लावणं म्हणजे संथपणा, असा कुणाचा समज होऊ नये. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ जवळपास सबंधच पाठलाग आहे आणि तरी त्यात डोळे शिणत नाहीत, कारण जॉर्ज मिलरने महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी चौकटीच्या मध्यभागी ठेवली आहे. कितीही झपाट्याने दृश्य बदललं तरी नजर शोधत फिरत नाही. त्याच्या संकलक मार्गारेट सिक्सेल यांनाही ऑस्कर मिळालं.

काही गोष्टी तर शेवटपर्यंत न सांगण्यातच शहाणपण असतं. ‘द डार्क नाइट’ या बॅटमनपटातला खलनायक जोकर आपल्या चेहऱ्यावरच्या जखमांची कहाणी दोनदा सांगतो, आणि दोन्ही वेळा वेगळी. तो कोण, कुठला, कशामुळे असा झाला, सिनेमा अवाक्षर बोलत नाही. हीथ लेजरचा अभिनय अफाट होताच, पण ती रिकामी जागा त्याच्या हाती नसती तर तो एवढा भयंकर वाटला नसता. 2019 च्या ‘जोकर’ने ती जागा भरली: आई, आजार, अपमान, सगळी कारणमीमांसा. वाकीन फीनिक्सने जीव ओतलाय, पण कारणं कळली की दया येते, आणि दया आली की भीती उरत नाही.

‘अॅव्हेंजर्स’ या महानायकांच्या सिनेमांच्या चाहत्यांचा राग ओढवून घेऊन सांगते, ‘एंडगेम’चा उत्तम भाग म्हणजे त्याचा पहिला तास. हरलेली माणसं, पाच वर्षं उलटूनही न सरलेलं दुःख, उगाच चाललेलं जगणं. एवढ्या मोठ्या खर्चाच्या सिनेमाने एवढा वेळ नुसतं दुःखाला दिला, याचं मला फार कौतुक वाटलं. शेवटच्या लढाईत मात्र इतके जण एकदम येतात की कोण कुणाला मारतंय, याने फरक पडेनासा होतो. आणि 2019 चा ‘द लायन किंग’? खऱ्यासारखा सिंह करण्याच्या नादात सिंबाचा चेहराच हरवला. बापाच्या देहाशी बिलगलेलं 1994 चं हाताने काढलेलं पिल्लू रडवतं. नव्या पिल्लाची आयाळ न फुटलेली मान, एकेक केस पाहून आपण थक्क होतो आणि कोरडेच राहतो.

हे सगळं जुन्याच काळात होतं, असंही नाही. अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या 2023 च्या ‘ओपनहायमर’मध्ये त्या बॉम्बच्या पहिल्या, ट्रिनिटी चाचणीच्या वेळी झोत उसळतो आणि आवाज येतच नाही. प्रकाश आधी पोहोचतो, आवाज मागाहून, हे शाळेत शिकलेलं विज्ञान ख्रिस्तोफर नोलनने असं वापरलं की सभागृहात खोकलाही ऐकू येत नव्हता. तीन तासांच्या, बहुतांश बोलण्याने भरलेल्या या सिनेमाला तरुण पोरांनी गर्दी केली. हिरोशिमा दाखवलं नाही, म्हणून त्याच्यावर टीका झाली, ती मी गांभीर्याने घेते. तरी माझं मत वेगळं आहे. जल्लोष करणाऱ्या सहकाऱ्यांसमोर बोलताना ओपनहायमरला समोरच्या तरुणीच्या चेहऱ्यावरची त्वचा सुटताना दिसते, पायांखाली जळून कोळसा झालेला देह दिसतो. संहार त्याच्याच डोक्यात शिरलेला दाखवला, हे मला अधिक जिव्हारी लागलं.

आता आपल्याकडे एक मागणी. पुरवणीतल्या परीक्षणांत सिनेमाचा खर्च असतो, पहिल्या तीन दिवसांचा गल्ला असतो, नट-नट्यांची नावं तर असतातच. संकलकाचं नाव क्वचितच दिसतं. प्रेक्षकाला किती वेळ थांबवायचं आणि नेमकं कधी सोडायचं, यात ज्याचा मोठा वाटा असतो, त्याचं नाव दिग्दर्शकाच्या नावाखाली दर परीक्षणात छापावं. शक्य असेल तर व्हर्ना फील्ड्स आणि मार्गारेट सिक्सेल यांच्यापासून सुरुवात करून संकलकांवर एक लेखमाला द्यावी. मी ती नेमाने वाचेन.

आपली,
एक सिनेमाप्रेमी वाचक