डाव्या बाजूचे अप्पा

डिचोली,
मंगळवार, रात्री

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की मी, ते आता आठवत नाही. पण "सोड ते काम आणि ये घरी" असं मी म्हणायला नको होतं. बाबा त्या रात्री भात अर्धा टाकून उठले. त्यांना माझा राग आला होता, तुझा नाही. म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर माझा आवाज चढतो.

कानाचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवलंय. दुसरंच सांगायचं आहे. वाशे बघायला सुतार आला होता, तेव्हा माळ्यावरचं सगळं खाली काढलं. त्यात आपला स्टिरिओ निघाला. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, अप्पांनीच बांधलेली गाठ. डेक उघडला तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झालेला, बोटाला चिकटला तो दोन दिवस निघेना. अ‍ॅम्प्लिफायर मात्र लागला. आधी नुसता घरघरला, मग तो हिरवा दिवा पेटला. तू लहानपणी त्याला बोट लावून बघायचीस तोच.

तो घरात कसा आला ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. १९८६ सालचा डिसेंबर. मला शाळेत लागून तीन वर्षं झाली होती आणि पोस्टात चार पगारांइतके पैसे साठले होते. डेक त्याआधीच घरात होता. भाईमामाने बहारीनहून आणलेला आकाईचा, पण त्याला जोडायला काहीच नाही, म्हणून तो सहा महिने कपाटावर नुसता बसून. आई म्हणायची त्या पैशांच्या पाटल्या कर. मी पणजीला गेले आणि अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानातून कलकत्त्याचा सोनोडाईनचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता काहीतरी घेतलं होतं.

त्याच वर्षी ५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला होता. त्यामुळे पणजीहून बेतीला फेरीबोटीनेच जायचं. केवढी रांग! एक खोकं डोक्यावर, दोन पायाशी, आणि बोट हलली की मी त्या खोक्यांवर आडवी. शेजारी उभ्या असलेल्या एका मासळीवाल्या बाईने विचारलं, "बाये, आंत देव आसा काय?" बेतीहून म्हापसा, म्हापशाहून अस्नोड्यावरून शिरगाव. घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. अप्पा कामावरून येऊन न्हाणीत होते, लाल धुळीचं पाणी अंगणापर्यंत वाहत आलेलं. बाहेर येऊन खोकी बघितली आणि किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी म्हणाले, "इतले पयशे आवाजाक?"

पहिल्या रात्री तो आवाज पोकळ यायचा. तबल्याचा डग्गा कुठे गेला तेच कळेना. मी रडले, खरंच रडले, चार पगार फुकट गेले म्हणून. सकाळी उठून मागे बघितलं तर एका स्पीकरला लाल तार काळ्या जागी लागलेली. ती उलट केली आणि डग्गा असा घुमला की आई चुलीपुढून उठून बाहेर आली. एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे येतो आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना मारतात, हे कारण मला कितीतरी वर्षांनी तू सांगितलंस. साउंडच्या कोर्सच्या पहिल्या वर्षी, याच स्वयंपाकघरात, दोन ताटल्या हातात धरून. त्या दिवशी मी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या मुलीला आवाज दिसतो. तुला हे माहीत नसेल.

पावसात कॅसेटींना बुरशी यायची. पांढरी, कडेने, फितीच्या गुंडाळीवर. फीत चार मिलिमीटरसुद्धा रुंद नाही, तिच्यावर दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे, त्यात बुरशी घुसली की हेडला मळ धरतो आणि आधी वरचे सूर जातात. म्हणून मी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे, जून ते सप्टेंबर, रात्रंदिवस. अप्पांना त्या विजेचा हिशोब करायचा असायचा, पण केला नाही कधी.

आधी वरचे सूर जातात. बघ, आलेच मी तिथे.

तुझी वही अजून इथे आहे, कोर्सची, निळी. काल ती वाचत बसले. तुझ्याच अक्षरात लिहिलंय: ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, म्हणजे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला पंधरा मिनिटं. त्याखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. आणि रविवारी मला म्हणतेस, सहा तास मॉनिटर स्पीकरसमोर होते, मग तीन दिवस डाव्या कानात शीळ वाजत होती, आता थांबली, काळजी करू नको. मनू, त्या वहीतच पुढच्या पानावर लिहिलंय की आतल्या केसासारख्या पेशी एका कानात पंधरा हजारांच्या आसपास असतात आणि गेलेल्या परत उगवत नाहीत. हे लिहिणारी मुलगी कानात बोळे न घालता उभी राहते? लग्नाच्या मांडवात, समुद्रावर, कुठेही? तुला शिकवायला आम्ही बाबांचा पीएफ काढला तो

हे मी खोडणार होते. पैशाचं बोलायचं नव्हतं. ते तुझ्यासाठीच होते आणि वसूल झाले. गेल्या वर्षी त्या मोठ्या कार्यक्रमात मागच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द कळत होता, शेजारची अनोळखी माणसं म्हणत होती की आवाज छान लावलाय, आणि मी त्यांना सांगितलं नाही की तो लावणारी माझी. बाबांनी सांगितलं. वाक्य तसंच राहू दे, क्षमा कर.

अप्पांचं सांगते, कारण हे तुला सांगितलेलं नाही. आजीलाही कुणी बोललेलं आवडायचं नाही.

पावसात खाण बंद असते. १९८७ चा तो जून, अप्पा घरी. दुपारभर बल्कांवात बसून पाऊस बघायचे. भाईमामाने डेकबरोबर हेडफोन पाठवले होते, नारळाच्या कवड्यांएवढे मोठे. मी एकदा ते अप्पांच्या डोक्यावर चढवले आणि केसरबाईंची भैरवी लावली. केसरबाई केरीच्या, आपल्या गोव्याच्या, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अंतराळात गेली तीत त्यांचा आवाज आहे, हे अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. जुनं ध्वनिमुद्रण ते, एकाच मायक्रोफोनच्या काळातलं, दोन्ही कानांत सारखंच येणारं. अप्पांनी डोळे मिटले. दोन बोटं मांडीवर हलायला लागली. त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं.

मला त्यांना गंमत दाखवायची होती. बॅलन्सचं बटण मी सावकाश डावीकडे नेलं, अगदी टोकापर्यंत.

अप्पांनी डोळे उघडले. "बंद कित्याक केलें गो?"

मला वाटलं वायर सुटली. बटण मध्ये आणलं, "हां, आतां येयलें." पुन्हा डावीकडे नेलं. "परत गेलें." मग हेडफोन काढून मी माझ्या डोक्याला लावले. डाव्या कानात केसरबाई गात होत्या, खणखणीत.

मी आत जाऊन आईला सांगितलं. ती नारळ खवत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुला आत्ता कळलं?" ती तेव्हा चार वर्षं त्यांच्या उजव्या अंगाला झोपत होती. आधी डाव्या अंगाला झोपायची.

अप्पा २६ वर्षं क्रशरवर होते. खडक फुटायचा ते यंत्र त्यांच्या डाव्या हाताला. कानाला काही लावायचं असतं हे तिथे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पुढे डॉक्टरांकडे नेलं तेव्हा आलेखात डावी रेघ खाली पडलेली आणि उजवीसुद्धा वरच्या सुरांशी वाकायला लागलेली. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? अप्पा म्हणाले, पहिल्यांदा शीळ वाजायची. शनिवारी संध्याकाळी वाजायची, आयताराला थांबायची. मग एकदा कायमची थांबली. "म्हाका दिसलें बरो जालो."

बरो जालो. शीळ थांबली म्हणून. मनू, तूही रविवारी हेच म्हणालीस. म्हणून मी ओरडले.

आणि अजून एक. चवथीला तू बाकाच्या डाव्या टोकाला बसलीस. आरतीला, जेवायला, मालूआते बोलत होती तेव्हाही. सगळी माणसं तुझ्या उजव्या बाजूला. अप्पा नेमके असेच बसायचे, शेवटची वीस वर्षं. लहानपणापासून तू फोन डाव्या कानाला लावतेस, कारण उजवा हात लिहायला लागतो. परवा व्हिडिओवर बाबांनी तुला मध्येच कुणाचा तरी फोन घेताना बघितलं. उजव्या कानाला. मला एवढंच दिसलंय आणि त्यावरून मी रात्री जागते आहे. कदाचित काहीच नसेल. त्या टोकाला वारा येत असेल. माझं मन असंच आहे, जे एकदा बघितलं ते सगळीकडे दिसायला लागतं. पण तपासणी अर्ध्या तासाची असते. काचेच्या खोलीत बसून आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. ऐकू येणं एकाएकी कमी झालं असेल तर दिवस घालवायचे नसतात, पहिल्या आठवड्यात औषधाचा उपयोग होतो, नंतर तो कमी होत जातो. हेही मी वाचूनच सांगते आहे, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

परत शिकवायला लागले. चाळीस वर्षांची सवय आहे.

कॅसेटींच्या पेटीत ती पण सापडली. अप्पांच्या आरत्यांची, चवथीची. ते जुनं घुमट, शामेळ, कासाळें, सगळी वाद्यं, मागे भाईमामाचा खोकला आणि मध्ये शेवंतीमावशी कुणाला तरी "अरे, पंचारती खंय?" विचारते आहे. माझ्याकडे तेव्हा एकच मायक्रोफोन होता आणि डेकला दोन भोकं. मी डाव्या भोकात खुपसला. त्यामुळे सगळी आरती डाव्याच बाजूला उमटली, उजवीकडे नुसती फितीची सळसळ. सहा-सात वर्षांची असताना तू दोन्ही स्पीकरना आळीपाळीने कान लावून विचारलं होतंस, "अप्पा ह्याच खोक्यात का राहतात?" मला उत्तर देता आलं नव्हतं. तू मात्र त्याचा पिच्छा सोडला नाहीस. मला वाटतं तुझं हे काम त्या दिवशी सुरू झालं. नाहीतर आपल्या घरात कुणाला काय ठाऊक होतं त्यातलं?

पुढे तू ती आरती कंप्युटरवर घेतलीस, सळसळ काढलीस आणि अप्पांना मधोमध आणून बसवलंस. आजीला ऐकवलीस तेव्हा ती देवघराकडे बघायला लागली, आवाज तिथून येतोय असं वाटून. तुझी ती फाईल बाबा दर चवथीला लावतात. मला अजून जुनी हवी असते, डाव्या बाजूची. डेक दुरुस्त झाला तर तू आलीस की दोघी ऐकू. बेल्ट म्हापशात मिळतो का, बाबा गुरुवारी बघणार आहेत.

फणसाचे पापड भाईमामाच्या मुलाबरोबर पाठवते आहे, तो शनिवारी मुंबईला पोचेल. डब्याच्या तळाशी मेणाचे बोळे आहेत. तुमच्याकडे यापेक्षा चांगले, मापाने करून मिळणारे असतात हे मला माहीत आहे. ते मिळेपर्यंत हे वापर. काम सोड असं मी म्हणणार नाही, परत कधीच म्हणणार नाही. तपासणीची वेळ घेतलीस की नुसती तारीख कळव.

आणि उद्या रात्री फोन कर. डाव्या कानाला लाव. मी सुरुवातीला हळू काहीतरी बोलेन, अगदी पुटपुटल्यासारखं. काय बोलले ते मला सांग.

तुझी,
आई