रेसाहेबांचं काटेरी फूल

एडिंबरा,
रविवार संध्याकाळ

प्रिय दत्ता,

पोचल्याचा फोन केला होता, पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय गोष्ट निघते ती थेट तुमच्या मंडईतल्या गाळ्यापाशी, म्हणून तुलाच लिहितोय.

काल लेकीने सेंट जाइल्स कॅथीड्रल दाखवलं. कॅथीड्रल म्हणजे बिशपचं चर्च, पण इथे बिशप नाही. १६३७ साली राजाने लादलेलं प्रार्थनेचं पुस्तक वाचायला घेतलं, तेव्हा जेनी गेडिस नावाच्या बाईने पाद्र्याच्या अंगावर बसायचं स्टूल भिरकावलं म्हणतात. भाजीवालीच होती, असं ऐकून मला तुझी आजी आठवली! तर बिशप गेले, नाव मात्र कॅथीड्रलच राहिलं. शनिवारवाड्याला आपण अजून वाडाच म्हणतो, तसं.

त्याच्या एका कोपऱ्याला थिसल चॅपेल आहे. ऑर्डर ऑफ द थिसल हा स्कॉटलंडचा सर्वोच्च सन्मान. राजाराणी आणि घरचे लोक सोडले तर एका वेळी फक्त सोळा जण. थिसल म्हणजे आपल्या माळावरच्या उटकटाऱ्याची थोरली बहीण, जांभळी आणि भयंकर काटेरी. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. अर्थ साधारण असा, की मला डिवचून कोणी सुखरूप सुटत नाही. पुण्यात कुठल्याही दुकानावर चालेल.

या मंडळींना दोनशेवर वर्षं स्वतःची जागाच नव्हती, बघ. राजा सातव्या जेम्सने १६८७ साली हॉलीरूडचा मठ त्यांना दिला आणि पुढच्याच वर्षी जमावाने तो लुटून उद्ध्वस्त केला. पुढे लेव्हनच्या एका अर्लने मरताना त्या पडक्या मठाच्या डागडुजीसाठी चाळीस हजार पौंड ठेवले. पण भिंती छपराचा भार पेलण्यासारख्या राहिल्या नव्हत्या. मग त्याच्या मुलांनी तो पैसा इकडे वळवला. रॉबर्ट लॉरिमर या वास्तुकाराने १९११ साली हे चॅपेल पुरं केलं.

जागा किती? आपल्या वाड्यातली माजघर-ओसरी मिळून होईल एवढी. उंची मात्र मान दुखेपर्यंत. वर दगडाची जाळीदार कमान, खाली दोन्ही बाजूंना ओक लाकडाची आसनं. प्रत्येक आसनावर टोकदार छत्री आणि त्यावर त्या त्या सरदाराचं शिरस्त्राण आणि चिन्ह. कोरीवकाम इतकं दाट की डोळ्याला टेकायला जागा नाही. खरं सांगू, मला ते थोडं जास्तच वाटलं. पण मग लेकीने बोट दाखवलं. एक देवदूत चक्क बॅगपाइप वाजवतोय! गाल फुगवून, सनईवाल्यासारखा. तिथे मात्र मी पाच मिनिटं हललो नाही.

आता तुझा भाग. चॅपेल उघडलं त्याच १९११ साली थिसलचा मान मिळालेल्यांत एक होते लॉर्ड रे. तेच, १८८५ ते ९० मुंबईचे गव्हर्नर! रे रोड स्टेशन त्यांच्या नावाचं, आणि तुमची मंडई १८८६ ला उघडली तेव्हा ‘रे मार्केट’च होती. स्कॉटिश मॅके घराण्याचे मुखिया, पण जन्म हॉलंडचा. मंडईवरच्या खर्चाला जोतिरावांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणून. आणि पुढे अत्र्यांनी मंडईला नाव दिलं ते जोतिराव फुल्यांचंच. डिवचून सुखरूप सुटायचं नाही, हे ब्रीद नेमकं कोणाला शोभलं, मी तिथे उभा राहून एकटाच हसत होतो. लेक म्हणाली, बाबा, हळू.

रेसाहेबांचं नाव कुठे दिसतंय का शोधत होतो, तेवढ्यात बंद व्हायची वेळ झाली.

त्या बॅगपाइपवाल्याचं पोस्टकार्ड घेतलंय तुझ्यासाठी. गाळ्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी लावू देतील का, ते वहिनींना आधीच विचारून ठेव.

तुझाच,
अण्णा