नव्वदची चाकं मागवण्याआधी

पुणे, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

थांबताना इनलाइन स्केट (एका ओळीत चाकं असलेला बूट) आडवा टाकला की अडकतो, घसरतच नाही, म्हणून ९०एची (हे कडकपणाचं माप) कडक चाकं मागवू का, असं तू विचारलंयस. मागव, पण एवढ्यात नको. स्केट अडकण्याचं कारण बहुतेक वेळा पायात असतं. कडक चाकांनी तो दोष झाकला जातो, जात नाही. मग एखाद्या दिवशी गुळगुळीत फरशीवर तोच पाय अचानक निसटतो आणि माणूस कमरेवर आपटतो. म्हणून आधी पायाचं बोलू, मग चाकांचं.

तू पॉवरस्लाइड, म्हणजे एका पायावर गडगडत दुसरा वाटेत आडवा घासून थांबणं, करतेयस असं धरून चालते. सुरुवात तिथूनच करावी, कारण तिच्यात एक पाय शेवटपर्यंत निवांत गडगडत असतो आणि चुकलं तर दुसरा नुसता उचलून घेता येतो. हॉकी स्टॉपमध्ये, म्हणजे दोन्ही स्केट एकदम आडवे करून थांबण्यात, ही सोय नाही.

चाक घासायला लागणं हे त्याच्यावर किती भार आहे त्यावर ठरतं. घासणाऱ्या पायावर उभी राहिलीस तर चाक जमिनीला घट्ट धरणारच, मग ते ८२ए असो की ९०ए. म्हणून सुरुवातीला जवळजवळ सगळं वजन आधाराच्या पायावर हवं. घासणारा पाय लांब, सरळ आणि हलका. आधाराचा गुडघा इतका वाकव की उभ्याउभ्या खाली पाहिल्यावर स्केटचं टोक गुडघ्याआड जाईल. हे जमलं नाही तर पुढचं काहीच जमत नाही. गुडघा कमी वाकला की दुसरा पाय लांब जात नाही, लांब गेला नाही की स्केट उभाच राहतो आणि उभा स्केट पकडतो.

ही गोष्ट आधी जागेवर करून बघ. कठड्याला धरून उभी राहा, डावा गुडघा वाकव, उजवा पाय बाजूला लांब कर आणि स्केटच्या आतल्या कडेवर तो बाहेर ढकल, परत ओढ. आधी चाकं चिकटून बसतील. नडगी जमिनीकडे आणखी झुकव, भार थोडा कमी कर. एका ठरावीक कोनात ती सुटतात आणि खर्रर असा आवाज येतो. तो कोन घोट्याला कळला पाहिजे. दोन्ही पायांनी कर. रोज पाच मिनिटं पुरे.

मग उलटं जाताना. डाव्या पायावर वजन ठेवून हळू पाठमोरी जा, उजवा पाय शेजारून गडगडत येऊ दे. आता कंपासपेटीतला कंपास आठव. डावा पाय म्हणजे त्याचं टोक, उजवा म्हणजे पेन्सिल. उजवा स्केट टाच पुढे ठेवून बाजूने मोठी कमान काढत जायच्या दिशेला न्यायचा. कमानीच्या सुरुवातीला चाकं गडगडत असतात. पाय बरोबर तुझ्या वाटेवर आला की स्केट आपोआप वाटेला काटकोनात येतो आणि घासायला लागतो. त्याला मुद्दाम वळवावं लागत नाही, जोराने आपटायचं तर मुळीच नाही. नजर उजव्या खांद्यावरून, जायच्या दिशेला.

पुढे जाताना करायचं तर उजवा पाय घासण्यासाठी डावीकडे वळायचं. डावा पाय पूर्ण उलटा फिरतो, उजवा अर्ध्यातच, काटकोनात थांबतो. ज्याला पुढून मागे वळताना अजून डगमगायला होतं त्यानं स्लाइडच्या नादी लागू नये. तुझं वळणं डावीकडे चांगलं आहे, उजवीकडे कच्चं आहे, तेव्हा डावा पाय घासणं मागून शिक. पण शीक. रस्त्यावर थांबायची वेळ आपल्या सोयीच्या बाजूने येत नाही.

वेग हळू धावण्याइतका हवा. घाबरून अगदी सावकाश केलं तर स्केट घासण्याआधीच थांबतो आणि वाटतं की चाकंच खराब आहेत. उतारावर मात्र सपाटीवर पक्कं बसेपर्यंत करायचं नाही. हेल्मेट, मनगटाची गार्ड आणि गुडघ्याची पॅड रोज. पहिले काही आठवडे पॅडेड शॉर्टही घाल, कारण स्लाइडमध्ये पडताना तळव्यापेक्षा कुल्ला आधी टेकतो.

काय चुकतंय ते जमीनच सांगते. सिमेंटच्या फरशीवर चाकांच्या काळपट रेघा उमटतात, त्या वाचायला शीक. तुझ्या फ्रेमवर (बुटाखालच्या, चाकं बसवलेल्या सांगाड्यावर) २४३ असं कोरलंय ना, ते पहिल्या आणि शेवटच्या चाकाच्या ॲक्सलमधलं (चाकातून जाणाऱ्या दांडीमधलं) अंतर आहे, मिलिमीटरमध्ये. स्केट अचूक काटकोनात घासला तर चार समांतर रेघा दिसतील, दोन रेघांमध्ये साधारण ८ सेंमी, पहिलीपासून शेवटचीपर्यंत २४. हीच रुंदी २१ भरली तर स्केट वाटेशी ६० अंशांवर होता. १७ भरली तर ४५ अंशांवर, म्हणजे तू अर्धी घासत आणि अर्धी गडगडत होतीस. अशा वेळी पाय एकमेकांपासून फाकत जातात आणि जांघेत ताण येतो. एकच ठळक रेघ आणि बाकीच्या पुसट असतील तर भार फक्त टाचेवर किंवा फक्त पंजावर आहे. रेघ तुटक, ठिपक्याठिपक्यांची असेल तर स्केट ठकठक उडत होता. तुझ्या वर्णनावरून तुझं हेच होतंय असं वाटतं. उपाय एकच: कंबर आणखी खाली, पाय आणखी लांब, त्याच्यावरचा भार कमी. पट्टी घेऊन मोजत बस म्हणत नाही, पण मोबाइलवर स्वतःचं चित्रण करण्यापेक्षा रेघा लवकर शिकवतात.

आणखी दोन चुका. शेवटी गरकन गोल फिरायला होत असेल तर घासणारा पाय वाटेवर नाही, बाजूला राहिलाय. ब्रेक एका बाजूला लागला की अंग फिरणारच. पाय वाटेवर आण आणि खांदे पायाच्या मागे फिरू देऊ नकोस. जायच्या दिशेलाच तोंडावर फेकली जात असशील तर आधाराचा गुडघा सरळ होतोय. पाय थांबतात आणि वरचं धड पुढे निघून जातं. घासणं सुरू झालं की धड आधाराच्या पायावरच राहू दे आणि दाब हळूहळू वाढव. थांबायचं काम दाबाने होतं, घासायला सुरुवात हलक्या पायाने होते. या दोन गोष्टी एकाच क्षणी करायला गेलीस की स्केट अडकतो.

बूट सैल असेल तर हे सगळं व्यर्थ. टाच आत उचलली जात असेल तर स्केटची कड धरता येत नाही. घोट्यावरचा तिरका पट्टा आधी आवळ, मग वरचा बकल. उजव्या बुटाला टाचेचा ब्रेक अजून असेल तर पाय फार आडवा झाल्यावर तो जमिनीला टेकून स्लाइड मोडू शकतो. तो लगेच काढू नकोस. तुझ्याकडे थांबायचा दुसरा खात्रीचा मार्ग झाला की काढ.

आता चाकं. आकड्यापुढचा ‘ए’ हा कडकपणा मोजण्याच्या शोअर ए मापाचा. आकडा जास्त तेवढं चाक कडक. ७८ ते ८२ मऊ, पकडीची. ८४ ते ८६ मधली, शहरातल्या रस्त्यांना ठीक. ८८ ते ९० घसरणारी. पण आकडा एकटा फार काही सांगत नाही. दोन कंपन्यांची ८५ए चाकं एकाच फरशीवर वेगळी वागतात, कारण पॉलियुरेथेनची जात वेगळी असते. स्वस्त कडक चाकांचा खरा धोका वेगळाच: ती झिजत नाहीत, त्यांचे तुकडे उडतात. एक तुकडा गेला की ते चाक कायमचं धडधडतं.

वजन हाही भाग आहे. हलक्या माणसाखाली कडक चाक फार लवकर सुटतं आणि साध्या वळणावरही पाय निसटतो. तुझ्यासारख्या पन्नास किलोच्या आसपासच्या मुलीनं ८५ए घ्यावं, ८० मिमी व्यासाचं, गोलसर कडेचं. स्पीडच्या चाकांची कड निमुळती असते, ती झुकवल्यावर पकड बदलत जाते आणि शिकणाऱ्याला अंदाज येत नाही. दिवे लागणारी चाकं नकोत. कुणी चाराऐवजी ११० मिमीची तीन चाकं सुचवेल. लांब पल्ल्याला ती छान, पण त्यांच्यावर पाय जमिनीपासून उंच जातो, घोट्यावर ताण वाढतो आणि स्लाइड शिकणं उगाच अवघड होतं.

९०ए मी बाद करत नाही. पुढे लांब स्लाइड करायच्या झाल्या, तीही खरबरीत सिमेंटवर, तर घे. ओल्या किंवा पॉलिश केलेल्या फरशीवर ती चाकं घालून कधी जाऊ नकोस.

एक काटकसरीचा मार्ग आहे. सध्याची झिजलेली ८२एची चाकं टाकू नकोस. स्लाइडमुळे चाकं भराभर संपतात, शिकताना तर फारच, कारण चाक न फिरता एकाच जागी घासलं की तिथे सपाट चट्टा पडतो आणि नंतर चालताना फडफड जाणवते. नव्या चाकांचा हा छळ कशाला? सराव जुन्यांवर कर, रोजच्या फिरण्याला नवी ठेव. मात्र एका फ्रेममधली चारही चाकं एकाच व्यासाची हवीत, फरक मिलिमीटरभर चालेल. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर असेलच, त्यानं मोज. ८०चं चाक ७२च्या खाली गेलं की सरावातूनही काढ.

चाकांची अदलाबदल वेळेवर कर. पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आणि डाव्या स्केटची उजव्यात, आतली बाजू बाहेर करून. तू एकाच पायाने घासत असल्यामुळे त्या पायाच्या चाकांची आतली कड आधी जाणार, ती अशी वाटून निघते. ४ मिमीची ॲलन की लागते. चाकातल्या दोन बेअरिंगमधला स्पेसर (छोटी नळी) परत घालायला विसरू नकोस. तो राहिला तर ॲक्सल आवळताना बेअरिंग दाबली जातात आणि चाक जड फिरतं. स्लाइडमध्ये बाजूचा जोर बसतो, त्यामुळे ॲक्सल सैल होतात. दर वेळी निघण्याआधी चाक हाताने डावीउजवीकडे हलवून बघ. बेअरिंगवरच्या मोठ्या एबेक आकड्यासाठी जादा पैसे देऊ नकोस, तो मापाच्या अचूकतेचा आकडा आहे, स्लाइडला त्याचा काही उपयोग नाही.

जागा निवडताना ट्रायमिक्स (जादा पाणी शोषून सपाट, घट्ट केलेलं काँक्रीट) केलेली पार्किंगची जमीन सगळ्यांत चांगली. एकसारखी असते आणि पावसातही कोरडी मिळते. फक्त गाड्यांखालचे तेलाचे डाग आधी बघून घे. बास्केटबॉल कोर्टाचा हिरवा-निळा रंग चाकांना फार धरतो, शिवाय रेघा पडल्या की क्रीडा विभाग तुला हाकलून देईल, आणि ते बरोबरच करतील. पेव्हर ब्लॉकवर नको, प्रत्येक फटीत चाक अडकतं. डांबरावर जमतं, पण जुन्या, गुळगुळीत झालेल्या डांबरावर. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे ओले असतील तर त्यांच्यावर पाय आडवा टाकायचाच नाही. बारीक धुळीवर स्लाइड सोपी वाटते, तिच्यावर विसंबू नकोस. आणि एखादा खडा चाकाखाली आला तर घासणारा स्केट जागीच थांबतो, तू थांबत नाहीस. सरावाआधी दहा मीटरचा पट्टा झाडून घे, झाडू मेसमध्ये मिळेल.

हॉकी स्टॉपचं थोडक्यात. दोन्ही पायांनी पॉवरस्लाइड जमली की मगच. अंग क्षणभर वर उचलून हलकं करायचं, त्याच क्षणी कमरेखालचा भाग काटकोनात फिरवायचा आणि गुडघे वाकवत खाली बसायचं. छाती जायच्या दिशेलाच. पुढचा पाय आतल्या कडेवर घासतो, मागचा बाहेरच्या. मागचाच पाय सगळ्यांना छळतो, कारण बाहेरच्या कडेची सवय कुणालाच नसते. त्याच्यासाठी आत्तापासून एका पायावर, बाहेरच्या कडेने मोठी वर्तुळं काढत राहा.

चाकांची ऑर्डर देण्याआधी फ्रेमवर जास्तीत जास्त किती व्यासाचं चाक बसतं ते वाच आणि मला कळव. ८० बसत असेल तर आठ चाकांचा संच मागव, बेअरिंग जुनीच चालतील. आणि सिमेंटवरच्या रेघांचा एक फोटो पाठव, पट्टी शेजारी ठेवून.

तुझी,
आई