समोरून गाडी आली तर?

पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड
रविवार

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

मी इथे विमान उडवायला शिकतेय म्हणून परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वर आकाशात ना डिव्हायडर, ना साइडपट्टी. समोरून गाडी आली तर?" आणि मी "असतो हो नियम" म्हणून विषय उडवून लावला. खरं कारण आता सांगते, आईला सांगू नका. त्याच दिवशी मी त्याच नियमात चुकले होते. जमिनीवरच चुकले, कागदावर, तेव्हा काळजी नको.

इथून न्यू प्लिमथ गावाला विमान घेऊन जायचं होतं. दोनशे किलोमीटरला थोडं कमी, पहिल्यांदाच एकटीनं. आदल्या संध्याकाळी नकाशावर रेघ मारली, वारा हिशेबात धरला, पेट्रोल किती लागेल ते काढलं आणि उंचीच्या रकान्यात 6,500 फूट लिहिलं. आमच्या इन्स्ट्रक्टर बाईंनी कागद बघितला, पेन्सिलीचं टोक त्या आकड्यावर ठेवलं आणि स्वतःच्या नाकाला बोट लावलं. मला वाटलं, माझ्या नाकाला काही लागलंय. मी पुसलंसुद्धा.

तर तुमचा प्रश्न. वर रस्त्याला डावं-उजवं नाही, म्हणून उंची वाटून दिलेली असते. बहुतेक जगात आणि आपल्याकडेही नियम असा की होकायंत्राप्रमाणे 0 ते 179 अंशांकडे, म्हणजे पूर्वेच्या अर्ध्या भागात जाणाऱ्यानं विषम हजार धरायचे, 180 ते 359 वाल्यानं सम. मुंबईहून नागपूरला जाणारं विमान 33 किंवा 35 हजारांवर, नागपूरहून येणारं 34 किंवा 36 वर. दोघं एकमेकांच्या डोक्यावरून जातात, मध्ये हजार फूट. आमच्यासारखे डोळ्यांनी बघत उडणारे लहान लोक त्यात वर 500 मिळवतात, म्हणजे मोठ्यांच्या पायात येत नाहीत. पुण्याला डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान खात्याच्या, पेपरांसाठी मी हे इतकं घोकलंय की झोपेत विचारा. न्यू प्लिमथ इथून वायव्येला, होकायंत्रावर तीनशे अंशांच्या आसपास. म्हणजे पश्चिम, म्हणजे सम. झाले की नाही 6,500?

नाही झाले. न्यूझीलंडनं तेच वर्तुळ पूर्व-पश्चिम न कापता आडवं कापलंय. 270 पासून उत्तरेवरून फिरत 89 पर्यंत विषम, उरलेल्या दक्षिणेच्या भागाला सम. "नॉर्थबाउंड ऑड, साउथबाउंड ईव्हन" या शब्दांची पहिली इंग्रजी अक्षरं जोडली की 'नोज' होतं, म्हणून बाईंचं ते नाक. मला 5,500 हवे होते. 6,500 ही न्यू प्लिमथहून इकडे येणाऱ्यांची उंची. पस्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाची मुलगी राँग साइडनं निघाली होती!

असं उलटं का, ते नकाशा भिंतीवर लावून बघितलं की लगेच कळतं. हा देश उभा आहे. ऑकलंड, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च, सगळी वर्दळ वर-खाली. पूर्व-पश्चिम नियम लावला तर मार्ग जरा इकडे वाकला की पूर्व, जरा तिकडे वाकला की पश्चिम, आणि एकाच दिशेनं चाललेले लोक अर्धे सम, अर्धे विषम. त्यात इथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून वीसेक अंश पूर्वेला ओढलेली असते (मुंबईत ती जवळजवळ सरळ), त्यामुळे नकाशावर पश्चिमेकडे झुकलेली रेघ होकायंत्रावर पूर्वेची निघू शकते. कोकण वेगळा देश असता तर आपणही हाच नियम केला असता. मुंबई-गोवा हायवेला कुठली आलीय पूर्व-पश्चिम?

इटली तशीच लांबोडकी, तिथेही उत्तर-दक्षिण वाटणी आहे. पण तिथे दक्षिणेला जाणारे विषम! म्हणजे इथलं नाक तिकडे उलटं. इंग्लंडमध्ये तर खालच्या थरात 2015 पर्यंत वर्तुळाचे चार तुकडे होते, मग त्यांनीही जगासारखे दोन केले.

आणि हे सगळं फुटांत. चीन अजून मीटरमध्ये. तिथला कंट्रोलर 10,100 मीटर सांगतो, वैमानिक तक्ता बघून 33,100 फूट लावतो. हाँगकाँगहून पलीकडे शिरताना हे करावं लागतं. रशियानं वरच्या थरात 2011 साली फूट घेतले. तुम्ही चरखी दादरीची गोष्ट सांगायचात ना, 12 नोव्हेंबर 1996 ची? दिल्लीहून सुटलेलं सौदीचं जंबो 14,000 वर थांबवलेलं, उतरणाऱ्या कझाक विमानाला 15,000 सांगितलेले. ते 15,000 वर थांबलंच नाही. 349 माणसं गेली, एकही वाचलं नाही. ती कझाक मंडळी मीटर-किलोमीटरवर वाढलेली आणि इंग्रजी बेताचं. आपल्या सरकारनं टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं केलं ते त्यानंतर. वर्गात हा धडा शिकवताना सर पुढे गेले तरी मी त्याच पानावर होते. मधली हजार फुटांची भिंत कागदावरचीच, ती दोघांनीही पाळली तर आहे.

आमचं उंचीचं घड्याळही खरं तर हवेचा दाब मोजणारी डबीच. खाली उडताना त्यात गावचा दाब लावायचा आणि ठरावीक उंचीच्या वर सगळ्यांनी एकच आकडा, 1013. मग चूक असली तरी सगळ्यांची सारखीच. ही ठरावीक उंचीही देशागणिक वेगळी: इथे 13,000 फूट, ऑस्ट्रेलियात 10,000, अमेरिकेत 18,000. इथला सगळ्यात उंच डोंगर अओराकी 12,218 फुटांचा, तो खाली राहावा म्हणून तेरा असावेत असा माझा आपला अंदाज.

दुसऱ्या दिवशी 5,500 नं गेले. तारानाकी डोंगर शंकराच्या पिंडीवर भात रचावा तसा दिसतो, वर बर्फाची साय. येताना 4,500. वाटेत एक पांढरं विमान खालून समोर आलं, एवढंसं, आणि क्षणात मागे. माझ्यापेक्षा बरोबर हजार फूट खाली. मी हात केला. त्याला कुठला दिसणार!

आता तुम्ही विचारणार, की एवढं करूनही समोरासमोर आलोच तर? दोघांनीही उजवीकडे वळायचं. हो, उजवीकडे, इथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालत असल्या तरी. बाईंनी हे विचारलं तेव्हा माझा हात आपोआप डावीकडे गेला होता. कुंभार्ली घाटात तुमच्या मागच्या सीटवर बसून शिकलेलं आहे ते, जायला वेळ लागेल.

आईची गुडघ्याची गोळी संपली असेल, आणा.

तुमची
मनू