नवे पात्र मागायचे, तर नियमही नवे हवेत

महोदय,

उन्हाळ्याची सुटी आणि दिवाळी या दोन हंगामांत शाळा, ग्रंथालये, सार्वजनिक मंडळे आणि वृत्तपत्रांच्या बालपुरवण्या ज्या चित्रकला स्पर्धा घेतात, त्यांत ‘तुमच्या कल्पनेतले नवे पात्र काढा’ असा विषय अलीकडे वरचेवर दिसतो. विषय उत्तम आहे. अशा काही स्पर्धांचे परीक्षण करण्याचा योग मला आला आणि प्रत्येक वेळी जाणवले की विषय नवा असला तरी नियम निसर्गचित्राच्या स्पर्धेचेच राहिले आहेत : एक कागद, एक चित्र, रंगकाम पूर्ण केलेले. या नियमांनी विषयाचाच घात होतो, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

येणाऱ्या चित्रांचा गठ्ठा उलगडला की पाठीवर उडणारा झगा, छातीवर अक्षर, कपाळापर्यंत गेलेले टपोरे डोळे आणि काट्यांसारखे उभे केस असलेली मंडळी एकामागून एक समोर येतात. छातीवरचे रोमन अक्षर काढून तिथे देवनागरी अक्षर घातले, डोक्याला फेटा बांधला किंवा नायिकेला नऊवारी नेसवली की पात्र आपले झाले, असा समज मुलांपेक्षा त्यांना शिकवणाऱ्या मोठ्या माणसांचा अधिक असतो. वास्तविक फेटाही सगळ्यांचा सारखा नसतो; वारकऱ्याचा वेगळा, लग्नातल्या हौशी वऱ्हाड्याचा वेगळा. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान काढायचा तर फेट्याआधी त्याचे मार खाऊन सुजलेले, घट्ट झालेले कान दिसायला हवेत. ते कान ज्याने पाहिले आहेत, त्याचा पैलवान दुसऱ्या कोणाच्या पैलवानासारखा होणारच नाही.

एका स्पर्धेत सातवीतल्या मुलीने एसटीची वाहक बाई काढली होती. तिकिटाचे यंत्र गळ्यात, पैशांची पिशवी डाव्या खांद्यावर, आणि पिशवीच्या ओझ्याने तो खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. बाई उभी होती तीही दोन्ही पाय फाकवून, धावत्या गाडीत तोल सांभाळणारी माणसे उभी राहतात तशी. तोंडाला रंग लावताना मेणखडू बाहेर गेला होता आणि पार्श्वभूमी कोरीच राहिली होती. पहिल्याच चाळणीत ‘सफाई नाही’ म्हणून ते चित्र बाजूला गेले आणि पहिले पारितोषिक एका उत्तम रंगवलेल्या, परंतु प्रत्येकाने शंभरदा पाहिलेल्या बलदंड वीराला मिळाले. परीक्षकांचा हेतू वाईट नव्हता. गुणपत्रिकेत रंगसंगती, मांडणी आणि सफाई यांचेच रकाने होते. त्या खाली झुकलेल्या खांद्यासाठी रकाना नव्हता.

रेखाटलेले पात्र लोकांच्या मनात राहते ते कशामुळे, याची उदाहरणे आपल्याकडे भरपूर आहेत. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ घ्या. टक्कल, कानांवर उरलेले पांढरे केस, गोल भिंगांचा चष्मा, धोतर आणि वर चौकड्यांचा कोट. सुरुवातीला लक्ष्मण देशातल्या निरनिराळ्या प्रांतांची माणसे चित्रात भरत असत. रोजच्या अंकाची वेळ गाठताना ती गर्दी कमी होत गेली आणि अखेर हा एकटा उरला. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ‘अमूल’ची मुलगी घडवली, तेव्हा जाहिरातीचे फलक हाताने रंगवले जात आणि वारंवार बदलावे लागत, म्हणून कोणाही रंगाऱ्याला चटकन काढता येईल अशीच ती हवी होती. ठिपक्यांचा फ्रॉक, निळे केस आणि गोल चेहरा यांचा जन्म त्या अडचणीतून झाला. ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातला सुपंडी १९८३ साली आला तो वाचकाकडून आलेल्या कथांमधून, मात्र आज त्याचे नाव घेताच जे लांबुडके डोके डोळ्यांपुढे येते, ते राम वाईरकर यांच्या रेषेचे देणे आहे. या तिघांनाही काळ्या शाईने आतून भरून टाकले आणि नुसती बाह्याकृती ठेवली, तरी बहुतेक वाचक ओळखतील.

बाह्याकृतीची ही कसोटी ॲनिमेशनच्या धंद्यात रोजची आहे. पात्र मंजूर होण्यापूर्वी ते समोरून, बाजूने आणि पाठमोरे काढून पाहतात, त्याचे राग-लोभ वेगळ्या कागदावर मांडतात आणि शेजारी दुसरे पात्र उभे करून उंची ताडतात. अशा कामात अडचणी उघड्या पडतात, आणि कधी कधी त्यांतूनच गंमत निघते : मिकी माऊसने मान कोणत्याही दिशेला वळवली तरी त्याचे दोन्ही कान वाटोळेच दिसतात, जे प्रत्यक्षात अशक्य आहे, पण त्या अशक्य कानांवरच त्याची ओळख उभी आहे. गोल आकार प्रेमळ, चौकोनी भक्कम आणि टोकदार धोकादायक, हा आडाखाही तिथे शिकवतात. तो नवशिक्याला उपयोगी आहे, यात शंका नाही. मात्र तोच धरून बसल्यामुळे जगभरचे खलनायक त्रिकोणी हनुवटीचे झाले आहेत, हेही खरे.

नवे पात्र सुचावे यासाठी मुलांकडे काही साठा असावा लागतो आणि तो पाहण्यातून होतो. गोव्यात लोटली येथे वाढलेल्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी तरुणपणी चित्रांच्या रोजनिशा लिहिल्या. गावातली माणसे, सण, समारंभ, सारे त्यांत उतरले आणि पुढच्या त्यांच्या गर्दीच्या चित्रांचे मूळ तिथे सापडते. आपल्या राज्यात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांमध्ये स्मरणचित्र हा स्वतंत्र विषय पिढ्यान्‌पिढ्या आहे. आठवणीतून माणसे काढण्याची ही सवय पात्रनिर्मितीला फार जवळची आहे. दुर्दैव असे की शिकवण्यांमधून बाजार, बसथांबा आणि पाणवठा यांची तयार चित्रे घोटून घेतली जातात, आणि स्मरण राहते ते गाईडमधल्या पानाचे.

प्रभाव आणि नक्कल यांतला फरक मुलांना समजावून सांगायलाच हवा. आवडत्या चित्रकाराची रेघ गिरवून हात तयार होतो; तसे करण्यात गैर काही नाही. परंतु एखाद्या पात्राचे ठळक विशेष उचलून त्याला नवे नाव देणे वेगळे. कॉमिक्समधल्या ‘नागराज’ या पात्राशी साम्य असलेल्या ‘नागेश’विरुद्ध १९९६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई आदेश दिला होता, हे उदाहरण आठवी-नववीतल्या मुलांना सहज कळेल. आता संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की रंगीत पात्र तयार मिळते आणि काही पालक तेच छापून पाठवतात. त्यावर निव्वळ बंदी घालून भागणार नाही, कारण एकट्या चित्रावरून ते पकडणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. ‘हेच पात्र आता इथे बसून, जमिनीवर, चपलेचा तुटलेला अंगठा शिवताना काढून दाखव’ असे समोर सांगितले, तर मात्र पात्र कोणाचे आहे हे दहा मिनिटांत समजते.

म्हणून आपल्या बालपुरवणीला माझी विनंती आहे की येत्या दिवाळीच्या स्पर्धेत ‘नवे पात्र’ हा विषय ठेवल्यास रंगीत चित्राची अट काढून टाकावी आणि त्याऐवजी एकाच पात्राची साध्या पेन्सिलीने काढलेली तीन रेखाटने मागवावीत : एक उभे, एक पाठमोरे आणि एक काहीतरी काम करताना. सोबत त्याची काळी बाह्याकृती आणि कच्ची, खोडलेली, फसलेली रेखाटनेही पाठवायला सांगावे. ती खाडाखोड परीक्षकांना पुष्कळ काही सांगून जाते. हे पात्र कोणाला पाहून सुचले, हे मुलांनी दोन-तीन वाक्यांत लिहावे आणि त्यालाही गुण असावेत. अंतिम फेरीतल्या मुलांना शक्य असेल तिथे एकत्र बसवून तेच पात्र नव्या प्रसंगात काढायला लावावे. निकाल छापताना विजेत्याच्या चित्राबरोबर परीक्षकांचे कारणही चार ओळींत द्यावे, म्हणजे पुढल्या वर्षी कागद घेऊन बसणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना नेमके काय पाहिले जाते हे आधीच माहीत होईल.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा