अणुपाणबुडीची दुरुस्ती : डोस ठरतो तो नियोजनाच्या टेबलावर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की करिअर पुरवण्यांत अणुअभियांत्रिकीवर एखादा लेख येतोच. अणुभट्टीची रचना, इंधन, भाभा अणुसंशोधन केंद्राची निवड परीक्षा हे सगळे त्यात असते. नौदलाच्या जहाजांची देखभाल मात्र नसते, आणि असलीच तर ‘जोखमीचे काम’ एवढ्यावर भागवलेली असते. ही जोखीम नेमकी कुठे असते आणि ती कमी करणारा अभियंता दिवसभर काय करतो, हे मुलांना आणि पालकांना कळायला हवे, म्हणून हे पत्र.

आयएनएस अरिहंत २०१६ मध्ये आणि अरिघात २९ ऑगस्ट २०२४ रोजी नौदलात दाखल झाली. अणुऊर्जेवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्या बांधायला केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा जहाजाची बांधणी एकदाच होते, देखभाल पुढची कित्येक दशके चालते. आपल्या पाणबुड्यांचा तपशील गोपनीय आहे आणि तो तसाच राहावा. पण अमेरिकी नौदलाने या कामाची पद्धत बरीच प्रसिद्ध केली आहे आणि भौतिकशास्त्र काही देशागणिक बदलत नाही. तिथे पोर्ट्समथ, नॉरफोक, प्युजेट साउंड आणि पर्ल हार्बर या चार सरकारी गोद्या हे काम करतात. पुढचे विवेचन मुख्यतः त्या धर्तीच्या कामावर आधारलेले आहे.

सर्वसाधारण समज असा की धोका इंधनाचा. नेहमीच्या दुरुस्तीत इंधन अणुभट्टीच्या जाड पोलादी पात्रात बंदच असते, त्याला कोणी हात लावत नाही. भट्टी चालू असताना तिच्या कक्षात जाता येत नाही, कारण इंधनाभोवती फिरणाऱ्या पाण्यातल्या ऑक्सिजनपासून नायट्रोजन-१६ तयार होत असतो आणि त्याचे गॅमा किरण फार भेदक असतात. पण त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मा होण्याचा काळ, अवघा ७ सेकंदांचा. भट्टी बंद केल्यावर सव्वा मिनिटात तो हजारपटीने घटतो. त्यानंतर कामगाराला जो डोस (अंगावर पडणाऱ्या किरणोत्सर्गाची मात्रा) मिळतो तो बहुतांशी कोबाल्ट-६० चा.

हा कोबाल्ट येतो कुठून? व्हॉल्व्हच्या सीटवर झीज होऊ नये म्हणून स्टेलाइट नावाचा कोबाल्टयुक्त कठीण मिश्रधातू चढवतात. त्याचे सूक्ष्म कण झिजून पाण्यात मिसळतात, इंधन असलेल्या गाभ्यातून फिरताना न्यूट्रॉन शोषतात आणि कोबाल्ट-६० होऊन पाइपांच्या आतल्या भिंतीवर बसतात. शिवाय निकेलपासून कोबाल्ट-५८ तयार होतो, पण तो ७१ दिवसांत निम्मा होतो. कोबाल्ट-६० ला निम्मे व्हायला ५.२७ वर्षे लागतात. म्हणजे ‘थोडे थांबू, कमी होईल’ हा उपाय इथे चालत नाही. म्हणूनच पाण्याची रासायनिक देखभाल, नव्या व्हॉल्व्हसाठी कोबाल्टविरहित धातू आणि बदललेल्या प्रत्येक भागाच्या धातूची नोंद या वरवर रुक्ष वाटणाऱ्या गोष्टी खरे तर किरणोत्सर्ग सुरक्षेचेच काम आहे. आज घाईत चुकीच्या धातूचा एक भाग बसला, तर त्याचा डोस दहा वर्षांनी येणारा फिटर भोगतो.

हे कण सगळीकडे सारखे बसत नाहीत. पाइपाचा सर्वात खालचा भाग, कोपरे, ज्यातून प्रवाह जात नाही अशा बंद शाखा, ड्रेन व्हॉल्व्ह इथे ते साठतात. त्यामुळे अभियंत्याच्या हातात पहिला कागद असतो तो पाइपांच्या नकाशावर घेतलेल्या मोजमापांचा. भागाला चिकटून किती आणि ३० सेंटिमीटरवर किती, अशी दोन्ही मोजमापे हवीत. फक्त पहिले घेतले तर बोटांचा डोस कळतो, माणसाचा कळत नाही.

आता एक सोपे गणित पाहू. समजा एका व्हॉल्व्हचे ग्लँड पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवतीचे गळती रोखणारे भरण, बदलायचे आहे. उभे राहण्याच्या जागी दर तासाला ०.४ मिलिसिव्हर्ट (डोस मोजण्याचे एकक) डोस आहे आणि दोघांना तीन तास लागतात. दोघांची बेरीज धरून एकूण डोस झाला २.४ मनुष्य-मिलिसिव्हर्ट. कोबाल्ट-६० चे किरण निम्मे करायला सुमारे १२ मिलिमीटर शिसे लागते, म्हणजे २४ मिलिमीटर शिशाने दर ०.१ वर येतो. त्याच व्हॉल्व्हच्या नकलेवर, तसेच हातमोजे आणि तोच श्वसनमुखवटा घालून, आधी वर्कशॉपमध्ये सराव केला आणि तीन तासांचे काम दोन तासांवर आले, तर ०.४ मनुष्य-मिलिसिव्हर्टमध्ये काम होते. पण शिशाच्या चादरी घालणे-काढणे यातही डोस जातो. दोघांची वीस मिनिटे धरली तर जवळपास ०.२७. बेरीज ०.६७, तरीही फायदा मोठा. आता हेच काम पंधरा मिनिटांचे असते तर? शिशाशिवाय एकूण ०.२ मध्ये संपले असते आणि शिसे लावून डोस वाढला असता. ‘जास्त शिसे म्हणजे जास्त सुरक्षित’ हे वाक्य म्हणूनच मला घातक वाटते.

शिशाला वजनही असते. २४ मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर चादर सुमारे २७० किलोची होते. ती थेट लहान पाइपावर टांगली तर आधारावरचा ताण वाढतो, वेल्डला तडा जाऊ शकतो. तो भार पेलेल की नाही याचा हिशेब करून सही करणारा अभियंता लागतो. आणखी एक बारकावा पाण्याचा. पाइपात भरलेले पाणी स्वतःच किरण अडवते. उघडायचा तेवढाच भाग रिकामा करावा, शेजारचे पाइप भरलेले ठेवावेत. कामाचा क्रम लावणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर दुसऱ्या गटाने पाणी काढून टाकलेले असते आणि सकाळच्या मोजमापावर विसंबून दुपारी आत गेलेल्या माणसाला वेगळाच दर मिळतो.

दुसरी बाजू दूषणाची. लांबून अंगावर पडणारे किरण माणूस तिथून हलला की थांबतात. किरणोत्सारी कण मात्र कपड्यांवर, बुटांवर, श्वासातून शरीरात जाऊ शकतात. म्हणून व्हॉल्व्ह उघडण्याआधी त्याभोवती आत हात घालायला हातमोजे जोडलेली पारदर्शक प्लास्टिकची पिशवी बसवतात आणि ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून तिची हवा हळूहळू ओढतात. ओढ जास्त झाली की पिशवी हातांवर चिकटते आणि काम लांबते. ओढ नसेल तर कण बाहेर येतात. पाइप आधी तेल-विरहित पुसला नसेल तर टेप सुटतो. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक झाकले नसेल तर बाहीला भोक पडते. बहुतेक गळत्यांमागे असली साधीच कारणे असतात. बाहेर पडताना तपासणी-यंत्र अंगापासून साधारण एक सेंटिमीटरवर आणि सेकंदाला पाचेक सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने फिरवायचे असते. पाळी संपताना रांग लागली की नेमकी हीच गती वाढते.

नियोजन कोलमडले की काय होते याचे सर्वात कठोर उदाहरण सोव्हिएत नौदलाचे आहे. १० ऑगस्ट १९८५ रोजी व्लादिवोस्तोकजवळच्या चाझ्मा उपसागरात के-४३१ पाणबुडीचे इंधन बदलून झाले होते. दाबचाचणीत झाकणाजवळ गळती दिसली. सीलखाली वेल्डिंग इलेक्ट्रोडचा तुकडा अडकला होता. झाकण पुन्हा उचलताना कंट्रोल रॉड (भट्टीतली अणुप्रक्रिया आवरून धरणारे दांडे) जागेवर रोखून धरण्याची ठरलेली पद्धत पाळली गेली नाही. जवळून गेलेल्या टॉर्पेडो बोटीच्या लाटेने तरंगती क्रेन हलली, झाकणासोबत रॉड ठरल्यापेक्षा वर खेचले गेले आणि भट्टी क्षणात अनियंत्रित झाली. स्फोटात दहा जण गेले. इलेक्ट्रोडच्या तुकड्यासारखी वस्तू आत राहू नये म्हणून उघड्या यंत्रणेत जाणाऱ्या प्रत्येक हत्याराची मोजून नोंद करतात. ही नोंद कारकुनी समजणाऱ्याने या कामात येऊ नये.

उलट बाजूचा दाखला अमेरिकेचा. तिथल्या नौदलाच्या अहवालांनुसार १९८० पासून या कार्यक्रमात कुणालाही वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळालेला नाही. तिथे किरणोत्सर्ग नियंत्रणाचा विभाग उत्पादन विभागापासून वेगळा असतो आणि त्याला काम थांबवण्याचा अधिकार असतो. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली नागरी क्षेत्रातली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. कामगाराचा डोस नोंदवणारा आपला टीएलडी बिल्ला, कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्यांचा, भाभा केंद्रातच विकसित झाला. तो डोस नंतर सांगतो, त्या क्षणी नाही. म्हणून सोबत तत्काळ वाचता येणारा डोसमापक लागतोच. बिल्ला शर्टासह लॉकरमध्ये राहणे किंवा कामाच्या जागी टांगलेला विसरणे, या दोन्हींमुळे त्या माणसाची तेवढ्या काळाची नोंद निरुपयोगी होते.

मुलांसाठी व्यवहाराचे सांगायचे तर या कामाला अणुअभियांत्रिकीचीच पदवी लागते असे नाही. यांत्रिक, विद्युत, धातुशास्त्र, रसायन, सगळे लागतात, आणि डिप्लोमा झालेला चांगला फिटर किंवा वेल्डर तर फारच लागतो. पाळीचे काम असते आणि परीक्षा नोकरीत आल्यावरही सुटत नाहीत. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : तिथल्या नौदलाच्या अणुविभागात नागरिकत्व लागते, विद्यार्थी व्हिसावर ही नोकरी मिळत नाही.

आपल्या वृत्तपत्राला दोन विनंत्या. पुढची करिअर पुरवणी काढताना नियोजन, किरणोत्सर्ग नियंत्रण आणि चाचणी या तिन्ही कामांतल्या माणसांशी बोलून लेख करावा. आणि किरणोत्सर्गाची बातमी देताना आकडा ‘मिलिसिव्हर्ट’ आहे की ‘मायक्रोसिव्हर्ट’, ताशी आहे की एकूण, आणि प्रश्न बाहेरून येणाऱ्या किरणांचा आहे की दूषणाचा, एवढे तरी छापावे. त्याशिवाय वाचकाला त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आपला,
किरणोत्सर्ग सुरक्षा क्षेत्रातील एक वाचक,
मुंबई